दाखला मागाहून येऊ द्या

परदेशातली नोकरी पक्की झाली की नाशिकच्या घरांत पहिली धावपळ सुरू होते ती शाळेच्या दाखल्यासाठी. १ मेला निकाल लागतो, चार दिवसांत शाळा उन्हाळी सुट्टीसाठी बंद होते, क्लार्क सकाळी दोन तास येतात, मुख्याध्यापक गावी गेलेले असतात आणि तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्याचं असतं. मग शाळेची सही, जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, नोटरी, मुंबईत मंत्रालय, मग ॲपोस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, अशी सगळी यात्रा होते. एवढं करून तो कागद इंग्लंडच्या किंवा अमेरिकेच्या सरकारी शाळेत पुढे केला, की तिथले कर्मचारी बहुतेक वेळा तो बघून परत देतात. त्यांना घराचा भाडेकरार हवा असतो, मुलाचं वय हवं असतं, आणि अमेरिका असेल तर लशींच्या तारखा. यातलं नेमकं एक तरी घाईत नाशिकलाच राहिलेलं असतं.

आपल्याकडे मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातं ते दाखल्याच्या आधारावर. तिकडे बहुतेक देशांत जातं ते पत्ता आणि वयाच्या आधारावर. हा फरक आपण समजून घेतलेला नाही. त्यामुळे जाताना आईवडील चुकीच्या कागदासाठी झिजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेरून नाशिकला येणाऱ्या मुलाला आपण त्याच कागदासाठी दारात उभं करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की दाखला ही मागच्या शाळेची नोंद आहे. पुढच्या शाळेचा परवाना म्हणून तो वापरला जाऊ नये.

आधी जाणाऱ्यांचं बघू. पत्ता म्हणजे काय हे इथून कळत नाही. अमेरिकेत घर कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळांच्या स्थानिक विभागात, आहे यावर शाळा ठरते, कित्येकदा रस्त्याच्या अलीकडे एक शाळा आणि पलीकडे दुसरी. म्हणून शाळा बघून मग घर घ्यायचं, आणि भाडेकरारावर आईवडील दोघांची नावं घालायची. सुरुवातीला मित्राकडे राहणार असाल तर त्या मित्राकडून तुम्ही त्याच्याकडे राहता असं लिहिलेलं शपथपत्र आणि त्याच्या घराचं वीजबिल लागतं. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ते चालतं, पण ते मागायला सुचत नाही म्हणून दोन-दोन आठवडे मुलं घरी बसतात. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ती नोंद झाली की शाळेचा रस्ता मोकळा होतो, कारण तिथे शाळा सक्तीची आहे, घरी शिकवायची मुभा नाही. इंग्लंडमध्ये वर्षाच्या मध्ये आलात तर प्रवेशाचा अर्ज बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिलकडे जातो. २०२१ च्या प्रवेश नियमावलीप्रमाणे १० शालेय दिवसांत उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा आणि १५ दिवसांच्या आत द्यायचंच, असा दंडक आहे. मिळालेली शाळा लांबची असली तरी ती घ्यावी आणि जवळच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवावं. घेतलेल्या जागेमुळे यादीतलं नाव जात नाही, अपिलाचा हक्कही जात नाही. नकार देऊन मुलाला घरी बसवण्यात काहीच मिळत नाही.

वयाचा हिशोब मात्र नीट मांडावा लागतो, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. इंग्लंडमध्ये सीमारेषा ३१ ऑगस्टची आहे. आता दोन मुलं घ्या. एकाचा जन्म ऑक्टोबर २०१८ चा, दुसऱ्याचा जुलै २०१९ चा. २०२५-२६ मध्ये नाशिकला पहिलं मूल दुसरीत आणि दुसरं पहिलीत बसतं. इंग्लंडमध्ये दोघंही एकाच वर्गात, इयर टूमध्ये. जुलैचं मूल तिथे गेल्याबरोबर एक वर्ग पुढे सरकतं आणि वाचनात धापा टाकतं. आता नोव्हेंबर २०१९ चं मूल घ्या. इथे ते पहिलीत असतं. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबरची सीमा आहे तिथे ते पहिलीच्या आधीच्या वर्गात, किंडरगार्टनमध्ये जातं. घरात लगेच 'वर्ष वाया गेलं' सुरू होतं, आजोबा फोनवर विचारतात की पोराला मागे का बसवलं, आणि आईवडील शाळेत जाऊन वरच्या वर्गासाठी भांडतात.

भांडू नये. वर्ष वाया गेलेलं नाही, मूल त्याच्या वयाच्या मुलांत बसलं आहे, एवढंच. नव्या भाषेत, नव्या हवेत, डब्यात काय न्यायचं इथपासून सगळं बदललेलं असताना ज्याच्यापेक्षा वर्गातला प्रत्येक जण मोठा आहे अशा मुलाचं काय होतं हे शिक्षकांना रोज दिसतं. गणितात आपली मुलं पुढे असतात हे खरं, पण गणितावरून वर्ग ठरवला की त्याची किंमत मैदानावर आणि मधल्या सुट्टीत मोजावी लागते.

लशींचा विषय सविस्तर घ्यायला हवा, कारण तिथली अडचण कोणी आधी सांगत नाही. इंग्लंडमध्ये लशीवाचून शाळा अडत नाही. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवरच्या दोन डोसांचा पुरावा शाळेला दाखवावा लागतो. अमेरिकेत राज्यागणिक यादी वेगळी आहे, पण गाभा सारखाच आहे, आणि आपलं कार्ड त्या गाभ्याशी जुळत नाही. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस नऊ ते बारा महिन्यांत एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा दिली जाते. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजतच नाहीत. म्हणजे आपल्या हिशोबाने दोन, त्यांच्या हिशोबाने एक. शिवाय त्या लशीत गालगुंड नाही, त्यांना गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्हींची एमएमआर हवी. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाहीच, तिथे बहुतेक राज्यांत दोन डोस लागतात. पोलिओचे थेंब एप्रिल २०१६ नंतरचे असतील तर ते अमेरिकेत धरत नाहीत, कारण तेव्हापासून थेंबांत तीनऐवजी दोनच प्रकारचे विषाणू आहेत. रविवारच्या पल्स पोलिओचे कितीही डोस झालेले असोत, पोलिओचं इंजेक्शन कधी दिलं ते विचारलं जातं.

यावर उपाय नाशिकमध्येच आहे आणि तो स्वस्तात होतो, पण वेळ लागतो. एमएमआरच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. तेरा वर्षांखालच्या मुलाला कांजिण्यांच्या दोन डोसांत तीन महिने ठेवतात. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी आहेत, त्यामुळे त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर अठ्ठावीस दिवसांचं अंतर ठेवावं. म्हणजे जूनचं विमान असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे फेब्रुवारीत जायला हवं. मे महिन्यात गेलात तर अर्धं काम तिकडे जाऊन करावं लागतं, आणि तिकडे डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत शाळा थांबते.

त्याच भेटीत डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत सगळ्या लशींची यादी घ्यावी. मूळ कार्डावर 'पेंटा १, पेंटा २' असं लिहिलेलं असतं. परदेशातल्या नर्सला त्यात डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब आहे हे कळायला प्रत्येकाचं नाव वेगळं लिहिलेलं हवं. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहायला सांगावं. ०५/०८ हे आपल्याकडे ५ ऑगस्ट, अमेरिकेत ८ मे. एवढ्या एका उलटापालटीने दोन डोसांतलं अंतर कमी भरतं आणि दिलेली लस पुन्हा टोचतात. आणखी एक. जिथे क्षयरोगाची तपासणी मागतात तिथे हातावर टोचून केलेली चाचणी आपल्या मुलांची कधीकधी क्षयाच्या बीसीजी लशीमुळेच पॉझिटिव्ह येते. रक्ताची चाचणी करा असं आधीच सांगावं, म्हणजे छातीचा एक्स-रे आणि नाहक काळजी टळते.

नावांचा गोंधळ असाच कागदावर लहान आणि काउंटरवर मोठा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर कित्येकदा बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. ही कोरी जागा जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत भरून घेता येते, ती आधी भरावी. स्पेलिंगही एक करावं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मुलाचं नाव शाळेत असेपर्यंत दुरुस्त होऊ शकते, दाखला निघाल्यावर ते फार अवघड होऊन बसतं. म्हणून दाखल्याचा अर्ज शेवटी आणि दुरुस्तीचा अर्ज सहा महिने आधी.

मोठ्या मुलांसाठी दाखल्यापेक्षा गुणपत्रकं महत्त्वाची. आपण नववीच्या प्रगतिपुस्तकाला किंमत देत नाही, दहावीची वाट बघतो. अमेरिकेत हायस्कूल नववीपासून बारावीपर्यंत चार वर्षांचं असतं आणि चारही वर्षांची क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची नोंद, मोजली जातात. नववीचं गुणपत्रक नसेल तर अकरावीत गेलेल्या मुलाला नववीचे विषय पुन्हा घ्यावे लागू शकतात. शाळेकडून प्रत्येक वर्षाचं विषयवार गुणपत्रक शिक्क्यासह, बंद लिफाफ्यात घ्यावं आणि सोबत गुणांची पद्धत समजावणारा एक कागद जोडावा: ३५ ला उत्तीर्ण, ६० च्या पुढे प्रथम श्रेणी, ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य. हा कागद नसेल तर आपल्या मुलाचे गणितातले ५८ तिथल्या समुपदेशकाला नापासाचे वाटतात, कारण त्यांच्याकडे साधारण ६० च्या खाली एफ असतो. गुण तेच, मूल तेच, पण ते खालच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसतं.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी इयर टेन आणि इयर इलेव्हन हे दोन वर्ग एकत्र धरावेत, कारण जीसीएसईचा, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, अभ्यासक्रम बहुतेक शाळांत या दोन वर्षांत चालतो. मधेच गेलेल्या मुलाला तेच विषय, तेच बोर्ड मिळेलच असं नाही. निवड आपल्या हातात असेल तर मूल चौदा वर्षांचं असताना, इयर टेन सुरू होतं त्या सप्टेंबरआधी जावं. नाहीतर एका पालकाने इथे थांबून दहावी पूर्ण करून घ्यावी. कुटुंब दोन ठिकाणी राहतं, त्याचा त्रास असतो, तरीही या एका टप्प्यावर मला तेच बरं वाटतं.

आखातात चित्र उलट आहे, हे सांगायलाच हवं. तिथल्या सीबीएसई शाळांत दाखला लागतो, शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसह लागतो. संयुक्त अरब अमिरात ॲपोस्टिल करारात नसल्यामुळे तिथे दूतावासाचं साक्षांकन लागतं. मे महिन्यातली ती धावपळ, ॲपोस्टिल सोडलं तर, दुबईला जाणाऱ्याच्या कामाची आहे. शेजाऱ्याने दुबईसाठी केलं म्हणून डॅलसला जाणारा तेच करतो, आणि घोळ इथून सुरू होतो.

मुलाला शिकण्यात अडचण असेल तर इथले तपासणी अहवाल इंग्रजीत करून सोबत न्यावेत आणि पहिल्या दिवशी दाखवावेत. इथे प्रवेश नाकारतील म्हणून लपवायची सवय लागलेली असते. तिकडे अहवालावर मदतीचा हक्क उभा राहतो.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता असा एक फॉर्म देतात. मराठी लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि वेगळ्या तासाला बसवतात, म्हणून पुष्कळ घरं तिथे 'इंग्रजी' लिहून मोकळी होतात. हे मुलावर अन्याय करणारं आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतलं मूल सुद्धा मैदानावरची इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत उचलतं, पण विज्ञानाचा उतारा वाचून त्यावर लिहायची इंग्रजी पक्की व्हायला पाच-सात वर्षं जातात. ती मदत शाळा फुकट देते. चाचणीचा निकाल शाळेने वर्षाच्या सुरुवातीपासून ३० दिवसांत, आणि मूल मधेच आलं असेल तर दोन आठवड्यांत पालकांना कळवायचा असतो. खरं ते लिहावं. आणि घरात मराठीच बोलावं. अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारी चालणाऱ्या मराठी शाळा आहेत, पण वाचायला-लिहायला शिकवण्याचं मुख्य काम घरीच होतं. हे मूल तीन वर्षांनी परत आलं तर काय, हा प्रश्न त्या पहिल्याच महिन्यात मनात ठेवायला हवा.

कारण मुलं परत येतात. प्रकल्प संपतो, व्हिसा संपतो, आजी आजारी पडते. नोव्हेंबरमध्ये इंदिरानगरच्या किंवा नाशिकरोडच्या शाळेत एक आई उभी राहते, हातात इंग्लंडच्या शाळेचा वार्षिक अहवाल. शाळा विचारते, दाखला कुठे? इंग्लंडच्या शाळा आपल्यासारखा दाखला देतच नाहीत. मग आधार विचारतात. मूल तिकडे जन्मलेलं, ओसीआय कार्डाचं, म्हणजे भारतीय वंशाचं पण परदेशी नागरिक असेल तर आधारसाठी आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. भारतीय पासपोर्टच्या मुलाला ही अट नाही, पण काउंटरवर हा फरक क्वचितच कोणाला माहीत असतो. अशा रीतीने सहा महिने जातात.

मुख्याध्यापकांची बाजू मला कळते. अनुदानित शाळेत आधार जुळलेल्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते. आधार नसलेलं मूल वर्गात असतं पण हिशोबात नसतं, आणि त्या हिशोबावर एका शिक्षकाची जागा जाऊ शकते. दोष त्यांच्या माथी मारून काही होणार नाही. बाहेरून आलेल्या मुलाची नोंद पासपोर्टच्या आधारावर सहा महिने पटात धरायची, एवढा बदल शिक्षण विभागाने केला तर मुख्याध्यापकांना मुलाला अडवायचं कारणच उरणार नाही.

कायदा तर मुलाच्या बाजूनेच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १५ सांगतं की मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही नाकारता येणार नाही. कलम ४ वयानुरूप वर्ग आणि मागे राहिलेल्यासाठी खास प्रशिक्षण देतं. कलम ५ तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवू नये असं स्पष्ट म्हणतं. ते कलम परदेशी शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं नाही आणि विनाअनुदानित शाळांना प्रवेश द्यायला भाग पाडत नाही, हे मान्य. पण महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना त्यातलं तत्त्व पाळायला कोणी अडवलेलं नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं सांगून ठेवलं आहे.

हा कायदा 'नागरिक' म्हणत नाही, सहा ते चौदा वयाचं 'प्रत्येक मूल' म्हणतो. नवा देश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे म्युनिक आणि टोरांटो येतं. हॉटेलांच्या भटारखान्यात आणि सोसायट्यांच्या गेटवर काम करणाऱ्या नेपाळी कुटुंबांसाठी नवा देश म्हणजे नाशिक. त्यांच्या मुलांकडे दाखला असला तर तो नेपाळीत असतो, आधार बहुधा नसतंच. ओसीआयच्या मुलासाठी निदान इंग्रजीत भांडणारे आईवडील असतात, या मुलासाठी तेही नसतं. परदेशात आपल्या मुलाला शाळेने पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यावं अशी आपली अपेक्षा असते. तीच सोय पंचवटीतल्या किंवा सिडकोतल्या महापालिका शाळेत या मुलाला मिळायला हवी.

हे करायला नवा कायदा लागत नाही. जाणाऱ्या मुलाला अर्ज केल्यापासून तीन दिवसांत इंग्रजीत दाखला आणि गुणपत्रकं द्यावीत, त्यासाठी मे महिन्यात सहीचे अधिकार असलेली एक व्यक्ती शाळेत असावी. येणाऱ्या मुलाचं वय पासपोर्टवरून किंवा पालकांच्या लेखी निवेदनावरून धरावं आणि वयाप्रमाणे वर्गात बसवावं. मराठी २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांत सक्तीची आहे. बोलता येतं पण वाचता येत नाही अशा मुलाला पहिली दोन सत्रं रोज अर्धा तास बाराखडीपासून शिकवावं, आणि तोवर मराठीच्या पेपरावरून त्याला नापास धरू नये. जनरल रजिस्टरमध्ये 'यापूर्वीची शाळा' असा रकाना असतो. तिथे लीड्स लिहा, पोखरा लिहा, काहीच माहीत नसेल तर कोरा ठेवा. शेजारच्या रकान्यात प्रवेशाची तारीख असते. तिथे मूल ज्या दिवशी दारात आलं त्या दिवसाची तारीख पडली पाहिजे.